घणाचा घाव, खडकातलं पाणी

कंधारकडे बोअर घ्यायचं ठरलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधानं चालतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण. मग गाडी लागते, आणि दोनशे फुटांवरही नुसता फुफाटा उडाला की नशिबाला बोल.

भूभौतिकीवाले घण घेऊन येतात. जमिनीवर लोखंडी पाटा ठेवतात, त्यावर आठ-दहा किलोचा घण घालतात आणि ओळीनं रोवलेल्या, हादरे टिपणाऱ्या जिओफोनपर्यंत हादरा किती वेळात पोचला ते मोजतात. सुट्या मातीतून हादरा सेकंदाला काहीशे मीटर जातो, पाण्यानं भरलेल्या मुरमातून साधारण १५०० आणि अखंड काळ्या पाषाणातून ५००० मीटरच्या आसपास. त्यामुळे लांबच्या जिओफोनकडे पाषाणातून वळसा घालून आलेला हादरा आधी पोचतो; पाणंद सोडून डांबरी रस्ता धरलेला माणूस पुढे निघावा, तसा. या वेळांवरून मुरूम किती जाड आणि पाषाण किती खोल, याचं चित्र काढता येतं. विहिरीला तेवढं पुरतं.

बोअरच्या बाबतीत गोम आहे. आपल्याकडचा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा हे थर ३३८ मीटरवर संपले. खाली ८ मीटर गाळाचे खडक आणि मग अतिप्राचीन पाया. प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा, पोट घट्ट. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल माती. पाणी असलंच तर त्या भोकांच्या माथ्यात, सांध्यात नाहीतर भेगेत. म्हणजे वेगवान पाषाणाखाली मंद थर. अशा थरात शिरलेला हादरा आणखी खाली वळतो, त्याच्या माथ्यावरून धावत परत येत नाही. नेमका पाण्याचा थरच चित्रातून गळतो! म्हणून जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजणारी चाचणी जोडीला करावी लागते.

तेलवाल्यांचं काम वेगळं. ते खोलवरून उलटून आलेले प्रतिध्वनी जुळवतात. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-जहाजानं समुद्रात मुंबई हायला तेल शोधलं, त्याआधी समुद्रतळाखालचा उंचवटा अशाच सर्वेक्षणात दिसला होता. एका बोअरपायी तेवढा खर्च कोण करणार?

देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट वर येतो. तिथे वर कुजका, खाली घट्ट, वेग खोलीबरोबर वाढतच जातो. पाणी साठवणारा कुजका थर कुठे जाड आहे, ते तिथे घणाला बरोबर कळतं. पाणाड्याचा नारळ मात्र कंधारात काय नि देगलुरात काय, सारखाच उभा राहतो.