सवचे ऊन पाणी

'उष्णोदकाचे झरे ज्वालामुखीच्या प्रदेशात आढळतात,' हे वाक्य माध्यमिक शाळेत मी घोकून पाठ केले होते. पण महाडजवळ, सावित्रीकाठी, सवला ऊन पाण्याची कुंडे आहेत. मग ज्वालामुखी कोठे? वर्गात विचारले, तर 'हे परीक्षेला नाही' एवढेच उत्तर मिळाले!

आपला काळा कातळ लाव्हाचाच खरा. पण तो निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. त्याची ऊब आता कुठली? पावसाचे पाणी कातळातील भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. आरवली, तुरळ, राजवाडी येथेही असेच झरे आहेत. हे ठिपके नकाशावर पेन्सिलीने जोडावेत. रेघ किनाऱ्याला जवळजवळ समांतर जाते.