जुनी लेन्स, नवा कॅमेरा: मधली कडी

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफला ते ४६.५ मिलिमीटर, सोनी ई-माउंटला १८. उरलेले २८.५ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ धातूची नळी म्हणजे अॅडॅप्टर. आत काच नको. मिररलेस कॅमेऱ्यावर काचेची गरजच पडत नाही.

स्वस्त अॅडॅप्टर बहुधा किंचित पातळ असतात. मग इन्फिनिटी खुणेच्या आधीच येते आणि लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. जाड निघाला तर मात्र परत करा, कारण दूरचे डोंगर कधीच स्पष्ट येणार नाहीत. घेताना लेन्स बसवून हलकेच पिळून पाहा, ती डुगडुगता कामा नये.

कॅनन एफडीच्या अॅडॅप्टरला अॅपर्चरची तरफ सरकवणारी कडी हवी. एम४२च्या काही लेन्सना मागची पिन दाबून धरणारी कड लागते, नाहीतर अॅपर्चर उघडंच राहतं.

कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. ५० मिमीच्या लेन्सवर १३५चा आकडा राहिला, तर फोटो उलट जास्त हलतात.