कुलूप नसलेली वस्ती

डिसेंबर २०२३मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम दिल्लीहून निघाली. मुक्काम ‘हिमाद्री’, नॉर्वेतल्या न्यू-ओलेसुंदचं आपलं २००८पासूनचं केंद्र. तिथे ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य फेब्रुवारीतच उगवतो. दारांना कुलूप नसतं. पांढरं अस्वल दिसलं, तर कुणालाही आत शिरता यावं! मूळची ही खाणवस्ती. १९६२च्या स्फोटात २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली.

जवळच्या लाँगयरब्येनमध्ये दफनही कठीण. गोठलेल्या जमिनीत देह नीट कुजत नाही आणि वरचा थर दरवर्षी वितळून पुन्हा गोठताना शवपेटीला वर ढकलतो. १९१८च्या फ्लूने दगावलेल्या तरुणांची थडगी शास्त्रज्ञांनी १९९८मध्ये विषाणूच्या शोधात उकरली, तेव्हा पेट्या याच उथळ थरात सापडल्या. आता तिथे रक्षाकलशच पुरता येतो.