विद्यार्थ्यांचे कंपू आणि विद्यापीठाचा दंडाधिकार

प्रवेशाचा हंगाम आला की खानापूर, चंदगड, निपाणी, चिकोडी या भागांतील मुले बेळगावच्या वसतिगृहांत दाखल होतात. घर सुटलेल्या मुलाला पहिला आधार मिळतो तो गाववाल्यांच्या घोळक्याचा. कोणाचे मैत्र तालुक्यावरून जमते, कोणाचे भाषेवरून, कोणाचे क्रीडांगणावर. यात वावगे काहीच नाही. परंतु हाच घोळका नवागताला रात्री-अपरात्री उठवून उभा करू लागला, त्याची मानहानी करू लागला आणि ‘बाहेर बोललास तर याद राख’ असे बजावू लागला, म्हणजे मैत्रीचा कंपू होतो. अशा कंपूशी विद्यापीठाने कसे वागावे?

अमेरिकेत या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तेथील विद्यार्थी-बंधुमंडळे ग्रीक अक्षरांची नावे धारण करतात. त्यांची स्वतःची निवासगृहे असतात आणि विद्यापीठ त्यांना रीतसर मान्यता देते. म्हणून तेथे शिक्षा साऱ्या मंडळाला करता येते. २०१७ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्रवेशविधीच्या मद्यपानानंतर एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा विद्यापीठाने त्या मंडळाची मान्यता कायमची काढून घेतली.

आपल्याकडील कंपूला नाव नाही, पाटी नाही आणि मान्यताही नाही. जी मान्यता दिलीच नाही ती काढून कशी घेणार? त्यामुळे आपल्याकडे शिक्षा व्हायची ती व्यक्तीला; आणि व्यक्ती तर कंपूच्या आड लपलेली. शिस्तीची खरी अडचण येथे आहे.

सीमाभागात या अडचणीला आणखी एक पदर आहे. निपाणी कर्नाटकात, पण तिला लागूनच असलेले अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, तर निपाणी शहरातील पदवी महाविद्यालये बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत. एकाच गल्लीतील दोन भावंडे दोन विद्यापीठांच्या आणि दोन राज्यांच्या कायद्याखाली शिकत असतात. कर्नाटकाच्या १९८३ च्या शिक्षण कायद्याने रॅगिंग हा गुन्हा ठरविला आहे. महाराष्ट्राने १९९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने डोळेझाक केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते.

या दोहोंच्या वर २००९ सालचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आहेत, आणि ते सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच लागू होतात. प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती आणि वसतिगृहांत अचानक फेरी मारणारे पथक असावे, असा त्यांचा दंडक आहे. प्रकार फौजदारी स्वरूपाचा दिसला तर संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत पोलिसांकडे फिर्याद नोंदविली पाहिजे. शिक्षांची पायरी शिष्यवृत्ती रोखण्यापासून वसतिगृहातून काढणे, परीक्षेस बसू न देणे, एक ते चार सत्रे संस्थेबाहेर ठेवणे येथपर्यंत चढत जाते आणि कायमच्या हकालपट्टीपर्यंत पोहोचते. संलग्न महाविद्यालयाच्या निर्णयावर अपील कुलगुरूंकडे करता येते. म्हणजे निपाणीच्या विद्यार्थ्याने बेळगावकडे पाहावयाचे आणि अर्जुननगरच्या विद्यार्थ्याने कोल्हापूरकडे.

आता प्रश्न न्यायाचा. शिस्तीच्या नावाखाली विद्यार्थ्याचे म्हणणे न ऐकताच त्याला शिक्षा करता येईल काय? परीक्षेतील गैरप्रकाराच्या एका खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. ज्या निर्णयाने मुलाचे भवितव्य बदलते, तो त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून घेता येत नाही. पण मग तक्रार करणाऱ्या मुलाला कंपूसमोर उभे करून त्याची उलटतपासणी होऊ द्यावी काय? तसे केले तर दुसरा तक्रारदार पुढे येणारच नाही. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मुलींच्या वसतिगृहासंबंधीच्या प्रकरणात मुलींच्या जबान्या आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतल्या होत्या. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत ग्राह्य धरली. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे परिस्थितीनुसार रूप घेतात, असा त्या निर्णयाचा आशय. आरोप काय आहे ते आरोपीला कळलेच पाहिजे. तो कोणी केला हे मात्र प्रत्येक वेळी उघड करावे लागत नाही.

सर्वांत कठीण तरतूद पुढेच आहे. अपराधी ओळखता आले नाहीत तर सामुदायिक शिक्षा करावी, असे २००९ चे विनियम सांगतात. कंपूच्या मौनाची तटबंदी फोडण्याचा हा उपाय खरा. परंतु त्यात त्या रात्री गावी गेलेला मुलगाही भरडला जातो. सुक्याबरोबर ओले जळावे हा न्याय नव्हे. म्हणून पथकाने वेळेवर फेरी मारली काय, चौकशी प्रामाणिकपणे झाली काय, तक्रारदाराची ओळख सांभाळली काय, याचे उत्तर प्रशासनाने आधी द्यावे आणि मगच या अखेरच्या शस्त्राला हात घालावा. आळशी चौकशीवर पांघरूण म्हणून ते वापरले तर निरपराध मुलेही कंपूच्या आश्रयाला जातील.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. ते अर्जदाराला अवगत असलेल्या प्रादेशिक भाषेतही असावे, अशी सोय विनियमांत आहे. सीमाभागात या सोयीचे मोल फार मोठे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आईने न वाचता अंगठा उठविला किंवा सही केली, तर त्या कागदाने संस्थेची फाईल पूर्ण होईल. मुलाला मात्र शहाणपण मिळणार नाही. तोच मजकूर तिला मराठीत, शेजारणीला कानडीत वाचून दाखविला, तर मुलगा बेळगावला निघण्यापूर्वीच घरात त्याविषयी दोन शब्द बोलले जातील. ज्या मुलाला घरी असे बोलता आले, तो वसतिगृहातील पहिल्या कठीण रात्रीनंतरही घरी बोलेल. आणि तो बोलला, तरच वर सांगितलेल्या साऱ्या कायद्यांना काम करता येईल.