अडीच हजारांची मर्यादा

फेब्रुवारीच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराची रक्कम २०० ऐवजी ३०० रुपये का दिसते, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना कधी ना कधी पडला असेल. हिशेब सोपा आहे. अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० मिळून वर्षाचे २,५०० होतात. त्यापुढे एक रुपयाही घेण्यास संविधानाच्या २७६व्या अनुच्छेदाने राज्यांना मज्जाव केला आहे. १९५० साली ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्यानंतर दुधापासून घरभाड्यापर्यंत सर्व काही बदलले; हा आकडा तेवढा जागचा हललेला नाही.

राज्यांच्या कर घेण्याच्या व खर्च करण्याच्या अधिकाराला घटनेनेच कुंपण घालावे, असे मानणारा एक पक्ष सुशिक्षितांत आहे. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी कशी मोकळी सुटते, हे आम्हीही पाहत आलो आहोत. परंतु रोग खरा म्हणून औषधही खरे, असे होत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने हे औषध पुरत्या मात्रेने घेतले. १९९२ साली तेथील मतदारांनी राज्यघटनेत असे घालून घेतले की, सरकारचे उत्पन्न महागाई व लोकसंख्या यांच्या वाढीपलीकडे जाऊ नये, गेल्यास जादा रक्कम लोकांना परत करावी, आणि लोकमताखेरीज नवा कर बसवू नये. ऐकावयास किती समंजस! पण २००१ च्या मंदीत उत्पन्न घसरले, आणि पुढची मर्यादा त्या घसरलेल्या आकड्यावरून मोजली जाऊ लागली. मंदी सरली, तरी पूर्वीच्या जागी येण्याची राज्याला मुभा उरली नाही. अखेर २००५ साली त्याच राज्यातील मतदारांनी ती मर्यादा पाच वर्षांपुरती स्थगित केली.

आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. त्या शाळेत खडूसाठी एक रक्कम कोणे एके काळी ठरून गेली होती. खडू महागला, वर्ग वाढले, रक्कम तीच राहिली. जानेवारीपासून आम्ही तुकड्यांनी फळा लिहीत असू. काटकसर झाली असे कार्यकारी मंडळास मात्र वाटे.

या मर्यादेने रक्षण तरी कोणाचे होते? महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा पुरुष नोकरदार वर्षाला २,५०० रुपये देतो, आणि लाखो मिळविणाराही तेवढेच देतो. वरच्यावर बोजा वाढविण्याची सोयच घटनेने ठेवलेली नाही. शिवाय पाणी एका पाटात अडविले की दुसऱ्या पाटाने जाते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या स्वतःच्या हाती पेट्रोल, मद्य, मुद्रांक, वाहने अशी मोजकीच क्षेत्रे उरली. राज्याची निकड मग पेट्रोलपंपावर भागविली जाते, आणि तेथे दुचाकीवाल्यास कोणी त्याचा पगार विचारीत नाही.

हा कर कशासाठी आला, तेही विसरून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हलविले. वि. स. पागे यांच्या चिंतनातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवावयाची, तर पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातील कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा, आणि राज्याने त्यात घातलेली तेवढीच भर, यांतून खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी मिळाली. इंग्रजी अमदानीत १९३९ साली या कराला ५० रुपयांची मर्यादा होती. घटनाकारांनी ती पाचपट केली नसती, तर पागे यांच्या योजनेला एवढे बळ कोठून मिळाले असते?

आम्ही मर्यादांच्याच विरुद्ध आहोत, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. राज्याच्या तुटीला लगाम घालणारा कायदा महाराष्ट्रात २००५ सालीच झाला आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. पण तो कायदा आहे. विधिमंडळाने केला, विधिमंडळास बदलता येतो, आणि बदलणाऱ्यास मतदारापुढे उभे राहावे लागते. २०२०-२१ साली महामारीत राज्यांची कर्जमर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढविता आली, ती तो आकडा घटनेत कोरलेला नव्हता म्हणून. संविधानात सरकारचे अधिकार कोणते व ते कोणास जबाबदार, हे असावे. रुपयांचे आकडे ही अंदाजपत्रकाची बाब आहे.

ही मर्यादा उठली, तर आमच्या आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या खिशास चाट बसेल, हे आम्ही जाणून आहोत. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० रुपयांवर न्यावी असे सुचविले, पंधराव्याने १८,०००. महाराष्ट्राच्या विधानसभेला त्यात स्वतः एक अक्षर बदलता येत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते हवीत. या राज्यातून ४८ सभासद लोकसभेत जातात. त्यांच्यापैकी कितींनी अहवालातील ते पान उघडले आहे, हे आता त्यांच्या मतदारांनी त्यांना विचारावे.