रोहित पक्ष्याचा फोटो : त्याला न उडवता

काही वर्षांपूर्वी भिगवणला काढलेला एक फोटो मी वर्गात दाखवला होता. वीस-पंचवीस रोहित पक्षी, म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते, पाण्यावरून उडताहेत, पंख लालभडक, पायांखाली पाण्याचे तुषार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सातवीतली एक मुलगी मात्र फोटोकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, हे सगळे एकाच बाजूला का पळतायत? त्यांच्यामागे कोण लागलंय?"

मागे मीच लागले होते. नावाडी दादांनी विचारलं होतं, "मॅडम, उडवू का?" आणि मी मान हलवली होती. त्यांनी बोट सरळ थव्यात घातली. वर्गात मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण त्यानंतर तो फोटो मला पूर्वीसारखा आवडेनासा झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आता कॅमेऱ्याचा नाद लागला आहे. म्हणून आज या एकाच पक्ष्याला धरून पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे ते पाहू.

आधी पक्षी समजून घेऊ, कॅमेरा नंतर. भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर आहे. भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी मागे तिथपर्यंत पसरतं. हिवाळ्यात पाणी हळूहळू उतरतं, उथळ चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, चित्रबलाक असतात, कुरव असतात आणि रोहित असतात. रोहित पक्षी मान खाली घालून चोच चक्क उलटी करून खातो. जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो, चोचीच्या कडेला असलेल्या बारीक गाळणीत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकतात. चिखलाचं पाणी गाळून पोट भरायचं म्हणजे किती वेळ लागत असेल बघा! त्याचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात, गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात.

आता गंमत अशी, की उभा असलेला मोठा रोहित पक्षी फारसा गुलाबी दिसतच नाही. पांढरट, जेमतेम गुलाबी झाक. खरा लाल रंग पंखांत असतो आणि पंख मिटले की तो झाकला जातो. अग्निपंख हे त्याचं दुसरं नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे फोटोवाल्यांना जे हवं असतं ते पंख उघडल्याशिवाय मिळत नाही, आणि म्हणून "उडवू का?" हा प्रश्न जन्माला येतो. पण हा जड पक्षी चिमणीसारखा भुर्रकन उडू शकत नाही. आधी पाण्यावरून पंख मारत धावावं लागतं, मग तो हवेत उठतो. त्यात बरीच शक्ती खर्च होते आणि खाणं थांबतं ते वेगळंच. एका सकाळी पाच बोटींनी पाच वेळा उठवलं तर त्या पक्ष्याने खायचं कधी? तिथे कुरव पक्ष्यांना जवळ बोलवायला फरसाण, गाठ्या फेकणारेही पाहिलेत मी. पक्षी येतात, फोटो छान येतो, आणि त्यांच्या पोटात जातं बेसन नि मीठ.

बरं, साधनांचं काय? "बाई, कोणता कॅमेरा घेऊ?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं मत असं, की कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर खर्च करा, आणि पहिली लेन्स वापरलेली घेतली तरी चालेल. ७०-३०० मिलिमीटरची साधी लेन्स सुरुवातीला पुष्कळ झाली. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती दीडपट लांब असल्यासारखी काम करते, म्हणजे ३०० ची ४५० होते. ज्यांना लेन्स बदलण्याची कटकट नको, त्यांच्यासाठी लांब झूमचे एकसंध कॅमेरे मिळतात; २०१५ साली आलेल्या निकॉन पी९०० चा झूम ८३ पट होता. आणि काहीच नसेल तर दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून बघा. हात स्थिर राहिला तर पक्षी ओळखण्याइतका फोटो नक्की येतो.

ट्रायपॉड बोटीत नेऊ नका. बोटीची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा जुन्या जीन्सचा एक पाय कापा, तळ शिवा, त्यात दोन किलो तांदूळ भरा. बोटीच्या काठावर ही पिशवी आणि तिच्यावर लेन्स. खाली बसून, पाण्याच्या जवळून फोटो काढला की पक्षी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसता चिखल दिसतो.

शटरचा हिशोब सोपा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितकावा भाग सेकंद ठेवायचा. लहान सेन्सर असेल तर दीडपट धरून. म्हणजे ३०० च्या लेन्सला १/५०० सेकंद. हे आपला हात हलतो त्यासाठी. पक्षी स्वतः हलत असेल तर वेगळा हिशोब : उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० किंवा १/२००० लागतं. तेवढा प्रकाश नसेल तर आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कशानेच दुरुस्त होत नाही. फोकस डोळ्यावर, आणि तोही सतत पाठलाग करणारा. कॅननमध्ये त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी.

पांढरा पक्षी कॅमेऱ्याला फसवतो, हे जरा नीट समजून घ्या. कॅमेऱ्याला वाटतं की समोरचं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, आणि तसं ते दिसावं म्हणून तो उजेड कमी-जास्त करतो. गडद पाण्यात एकटा पांढरा पक्षी असेल तर तो पाण्याकडे बघून उजेड वाढवतो आणि पक्ष्याची पिसं पांढरीफटक होतात, त्यातले तपशील कायमचे गेले. तिथे एक्स्पोजर उणे करा. उलट धुक्यातलं पांढरट पाणी आणि त्यात पांढरट थवा असेल तर सगळंच मळकट येतं. तिथे अधिक करा. पडद्यावरचा फोटो उन्हात नीट दिसत नाही, हिस्टोग्रामचा आलेख बघायची सवय लावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला की समजायचं, पिसं गेली.

आणि वेळ! सूर्योदयापासून पहिले दोन तास. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून हलायला लागते आणि लांबचा पक्षी तव्यावरच्या वाफेतून पाहावा तसा लपलपतो. लाखाची लेन्सही तिथे हात टेकते. जवळ जाणं हा त्यावर उपाय वाटतो, पण तिथेच पक्ष्याकडे लक्ष द्यायचं. रोहित पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, सगळा थवा एका दिशेला चालू लागला, की आपण हद्द ओलांडली. इंजिन बंद, बोट तिथेच. घरट्यांच्या बाबतीत तर हा कायद्याचा प्रश्न आहे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं येतं. फांद्या बाजूला करून पिल्लांचा फोटो काढणाऱ्यांना हे माहीत नसतं.

घरी आल्यावरचं काम म्हणजे एडिटिंग. शक्य असेल तर फोटो रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उजळ पिसांतला थोडा हरवलेला तपशील म्हणूनच रॉमधून परत आणता येतो. डार्कटेबल, रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड आहे. पाण्याची रेषा सरळ करा, उजेड जुळवा, कडा कापा. कापताना एक लक्षात ठेवा : लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तर २४ मेगापिक्सेलमधले ६ च उरतात.

यापुढे मात्र हात आवरायचा. रंगाची पट्टी थोडी सरकवली की पांढरट रोहित पक्षी गुलाबजाम झालाच म्हणून समजा! मीही केलंय ते. पण पहिल्या वर्षाचं राखाडी पिल्लू गुलाबी करून टाकलं तर फोटो बघणारा त्याचं वय कसं ओळखणार? लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत चित्रात काही घालणं किंवा काढणं चालत नाही. तिथे २००९ च्या मुख्य पुरस्काराचा फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, २०१० मध्ये बाद झाला. त्यात एडिटिंगची चूक नव्हती. लांडगा जंगली नसून माणसाळवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं; छायाचित्रकाराने ते नाकारलं. त्याच स्पर्धेत २०१६ साली मुंबईच्या नयन खानोलकर यांना शहरी विभागात पुरस्कार मिळाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या. कॅमेरा आणि दिवे लावून ठेवले आणि बिबट्या हवा तसा यायला चार महिने लागले.

मी चार महिने नाही, दीड तास थांबले. पुढच्या जानेवारीत पुन्हा भिगवणला गेले, दादांना आधीच सांगितलं, उडवायचं नाही. त्यांना ते विचित्रच वाटलं. इंजिन बंद करून आम्ही बसलो, त्यांनी तंबाखू मळली. थवा हळूहळू चरत आपल्या आपणच जवळ सरकला. मग एका पक्ष्याने आळस दिला : एक पाय मागे, त्याच बाजूचा पंख पूर्ण उघडा, लाल आणि काळा. दोन-तीन सेकंद. माझं शटर १/३२० वर राहिलं होतं, त्यामुळे पंखाचं टोक जरा हललंय. तोच फोटो आता वर्गात लावलाय.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आपण गावच्या तलावावर जाणार आहोत. मोबाइल, असल्यास दुर्बीण, तांदळाची पिशवी आणि पाण्याची बाटली आणा. भडक रंगाचे कपडे नकोत. पहिला अर्धा तास कोणीही फोटो काढायचा नाही, नुसतं बघून वहीत लिहायचं.