पार्सल उशिरा पोचले, तर?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशात माल विकायचा म्हणजे मोठा कारखाना हवा, बंदरात ओळख हवी, अशी आपली जुनी समजूत. ती आता राहिलेली नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या, कापडावर वारली चित्रे रंगवणाऱ्या बायकांचा माल आज फोनवरून लंडनला दिसतो आणि तिथून मागणीही येते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून वन धन योजनेच्या आधाराने बाजारात आणली आणि इंटरनेटवरूनही विकली, ही गोष्ट २०२१च्या सुमारास बरीच गाजली. विकणे सोपे झाले. पोचवणे मात्र तितके सोपे झालेले नाही. मी या भागातल्या काही बचत गटांचा माल ऑनलाइन विकण्याचे काम पाहते. नव्याने या धंद्यात येणारे मला एकच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात : पार्सल उशिरा पोचले आणि ग्राहकाने पैसे परत मागितले, तर काय करायचे?

उत्तर देण्याआधी पार्सलाचा प्रवास समजून घेऊ. शहापूरच्या टपाल कार्यालयात दिलेले पार्सल रस्त्याने मुंबईकडे जाते. मुरबाडला रेल्वे नाही, तिथले कल्याणमार्गे जाते. मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात ते कस्टम्सपुढे ठेवले जाते, मग विमानात जागा मिळेपर्यंत थांबते. दुसऱ्या देशात उतरल्यावर तिथले कस्टम्स ते पाहतात आणि शेवटी तिथला पोस्टमन ते दारात नेतो. म्हणजे पार्सल निदान पाच-सहा हातांतून जाते आणि त्यांतला एकही हात आपला नसतो. ग्राहक मात्र फक्त आपल्याला ओळखतो. त्याने पैसे आपल्याला दिलेले असतात, टपाल खात्याला नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट ही की, आपण केवळ वस्तू विकत नाही, तारीखही विकतो. ‘दहा दिवसांत मिळेल’ असे लिहिले की ते दहा दिवस मालाचाच भाग झाले. हे केवळ सौजन्य नाही, कायदाही तेच म्हणतो. आपल्याकडच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला माल परत घेणे किंवा पैसे परत देणे नाकारता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर ३० दिवसांत माल पोचला पाहिजे. वस्तू अमुक दिवशी हवीच, असे ग्राहकाने आधी कळवले असेल आणि ती आली नाही, तर तो व्यवहार मोडू शकतो. अमेरिकेत कबूल केलेल्या मुदतीत माल रवाना होणार नसेल, तर विक्रेत्याने स्वतःहून कळवायचे आणि मागणी रद्द करण्याची मुभा द्यायची, असा नियम आहे. मुदत लिहिलेलीच नसेल, तर ती ३० दिवसांची धरतात.

मग तारीख कशी लिहावी? एक आकडा लिहू नये, दोन लिहावेत. ‘आम्ही चार दिवसांत पार्सल टपालात देऊ. त्यानंतर पोचायला १५ ते ३० दिवस लागू शकतात.’ पहिला आकडा आपल्या हातातला आहे, तो एक दिवसही चुकवू नये. दुसरा दुसऱ्यांच्या हातातला आहे, तो सढळ धरावा. पावसाळ्यात तर आणखी सढळ. कसारा आणि माळशेज घाटांत दरड कोसळली की काय होते, ते आपल्याला माहीत आहे, लंडनच्या ग्राहकाला नाही.

पुष्कळ उशीर पाठवण्याच्या दिवशीच पेरला जातो. पार्सलावरच्या कस्टम्सच्या कागदावर नुसते ‘हस्तकला’ लिहिले, तर परका अधिकारी ते उघडून पाहणार. त्याऐवजी ‘हाताने रंगवलेले सुती तोरण, एक नग’, वजन आणि खरी किंमत असे इंग्रजीत स्पष्ट लिहावे. कर वाचावा म्हणून किंमत कमी दाखवू नये. पार्सल हरवले तर भरपाई मागताना तीच किंमत आपल्यापुढे ठेवली जाईल. झाडपाल्याच्या वस्तूंना, म्हणजे गुळवेल, बिया वगैरेंना, बहुतेक देश वनस्पती निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मागतात. कागदपत्रांच्या मदतीसाठी टपाल खात्याने २०२२पासून ‘डाकघर निर्यात केंद्रे’ सुरू केली आहेत. आपल्याला जवळचे केंद्र कोणते, हे तालुक्याच्या टपाल कार्यालयात विचारावे.

पावतीवर १३ चिन्हांचा क्रमांक असतो : आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरे. पार्सल परदेशात उतरले की हाच क्रमांक त्या देशाच्या टपालाच्या संकेतस्थळावरही चालतो. आपल्याकडे नोंद थांबलेली दिसत असताना पुष्कळदा तिकडे पुढची नोंद सापडते. ग्राहकाने विचारायच्या आत आपण ती पाहावी.

आता मुख्य प्रश्न, पैसे परत करण्याचा. इथे दोन टोके टाळायची. एक टोक म्हणजे ‘टपालात दिले, आमची जबाबदारी संपली’. दुसरे म्हणजे पहिली तक्रार येताच घाबरून सगळे पैसे परत. पैसे परत गेले आणि आठ दिवसांनी पार्सलही पोचले, असे होते. म्हणून आधी उशिराची जात ओळखावी.

कबूल केलेली मुदत संपलेली नसेल, तर तो उशीर नव्हे, ती काळजी आहे. तिला पैशांची नव्हे, माहितीची गरज असते. मुदत संपली आहे, पण पार्सल पुढे सरकते आहे, तेव्हा निवड ग्राहकाला द्यावी : थोडे थांबायचे, की व्यवहार मोडायचा. सणाची वस्तू सण उलटून गेल्यावर पोचली तर ते वरातीमागून घोडेच. तिथे वाद घालू नये. वस्तू शहापूरला परत मागवण्याचा खर्च बहुधा वस्तूहून जास्त होतो. म्हणून ‘वस्तू ठेवून घ्या, निम्मे पैसे परत करतो’ असा पर्याय पुढे ठेवावा. पुष्कळ ग्राहक तो आनंदाने घेतात. मात्र पूर्ण रक्कम मागितली, तर ती द्यावी. तिसरी जात म्हणजे आठवडेच्या आठवडे नोंद हलत नाही. तेव्हा लेखी चौकशीचा अर्ज द्यावा. तो पाठवणाऱ्याने, म्हणजे आपणच द्यायचा असतो. त्याला मुदत असते, ती पार्सल देतानाच विचारून पावतीवर लिहून ठेवावी. चौकशी चालू राहील, पण ग्राहकाला तिच्या निकालापर्यंत ताटकळत ठेवू नये. पैसे परत द्यावेत किंवा दुसरा नग पाठवावा. चौथी जात म्हणजे ग्राहकाने तिकडचा कर भरला नाही म्हणून पार्सल अडले. युरोपीय संघाने १ जुलै २०२१पासून स्वस्त पार्सलांचीही करमाफी बंद केली आहे. कर ग्राहकाने भरायचा, हे विकतानाच ठळक लिहिलेले असेल तर आपली बाजू भक्कम. लिहिलेले नसेल, तर नाही.

गेल्या वर्षी आमचे एक तोरण इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबाकडे गृहप्रवेशासाठी जायचे होते. ते नेणाऱ्या सेवेकडून १२ दिवस नोंद आली नाही. मुदत संपायला चार दिवस असताना मी त्या बाईंना लिहिले : ‘ताई, पार्सल अमुक तारखेला मुंबईहून निघाले. त्यानंतरची नोंद मिळालेली नाही. तुमच्या दिवसापर्यंत ते पोचेल, अशी खात्री मी देऊ शकत नाही. आले नाही तर पूर्ण रक्कम परत करू. येत्या सोमवारी पुन्हा कळवते.’ सोमवारी काही नवे नव्हते, तरी तेच कळवले. तोरण गृहप्रवेशानंतर सहा दिवसांनी पोचले. त्यांनी ते ठेवून घेतले, निम्मे पैसे परत घेतले आणि पुढे दोनदा मागणी केली. त्या पत्रात चार गोष्टी होत्या : काय घडले, काय ठाऊक नाही, पैशांचे काय आणि पुन्हा कधी बोलू. एवढे पुरते. पैसे मात्र ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत पाठवावेत. ‘दुसऱ्या खात्यावर पाठवा’ अशी विनंती आली, तर सावध राहावे.

हे परतीचे पैसे येणार कुठून? इथे खरी कसोटी आहे. समजा, तोरणाची किंमत २,००० रुपये आणि टपालखर्च १,५०० रुपये. परत करायचे ३,५००. रंगवणाऱ्या बाईची मजुरी तर कधीच देऊन झाली आहे. काही ठिकाणी ही रक्कम तिच्या पुढच्या कामातून कापतात. उशीर झाला विमानतळावर आणि मजुरी कापली टोकावड्याच्या बाईची! हे होता कामा नये. त्यासाठी प्रत्येक मागणीतले शंभराला पाच रुपये बाजूला ठेवावेत आणि त्या हिशेबानेच किंमत ठरवावी. वीस मागण्यांमागे एकीचे सगळे पैसे परत करावे लागले, तरी ते या डब्यातून निघतात.

कधी कधी मात्र सगळेच एकदम अडते. २०२५मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. कर कोणी गोळा करायचा हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपाल घेईनात आणि भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले थांबवावी लागली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. पुढे तो कर पार्सल देतानाच इथे भरून घेण्याची पद्धत आली. असे दर बदलत असतात, म्हणून किंमत सांगण्याच्या दिवशीच टपाल कार्यालयात विचारावे. अशा वेळी आपली चूक नसते, ग्राहकाचीही नसते. पार्सल निघालेलेच नसेल, तर थांबायचे की पैसे परत घ्यायचे, हे लगेच विचारणे हाच मार्ग.

बाकी बराचसा उशीर दिनदर्शिकेवर टाळता येतो. दिवाळीच्या परदेशी मागण्या आम्ही अनंत चतुर्दशीला बंद करतो. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण दीड महिना मिळतो. त्यानंतर कोणी मागणी केली, तर ‘दिवाळीत पोचणार नाही, तरी हवे का?’ असे आधी विचारतो. ‘नको’ म्हणणारे असतातच. पण ‘हवे’ म्हणणाऱ्याचे पार्सल मग उशिरा पोचत नाही.